साथीतला लाल डोळा आणि उसाचं पातं: एक प्रकरण

इथला रुग्ण कुणी एकच माणूस नाही. उसाच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात असे डोळे बघायला मिळतात. त्यांच्या नेहमीच्या वाटचालीवरून हे एक प्रकरण उभं केलं आहे. तपासण्या आणि औषधं मात्र प्रत्यक्षात जशी केली आणि दिली जातात तशीच आहेत.

हकीकत

सांगली जिल्ह्यातला ४६ वर्षांचा शेतकरी. थोडा ऊस, दोन म्हशी. ऑगस्ट संपत आलेला. उजवा डोळा लालभडक, वरची पापणी सुजून अर्धी खाली आलेली, डोळ्यातून पाणी. बाहेरच्या बाकावर बसला तोही भिंतीकडे तोंड करून, दारातून येणारा उजेड नको म्हणून. काय होतंय विचारल्यावर उत्तर आलं, "डोळा आलाय. पोरांचं आलं हुतं, त्यांचं गेलं. माझंच जाईना."

गावात साथ होती यात शंका नाही. त्याच्या दोन्ही मुलांचे डोळे शाळेतून आलेल्या साथीत आले होते. आधी एक डोळा, मग दोन दिवसांनी दुसरा. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर पाणी आणि खुपणं, पण मोबाइल बघायला काही अडचण नाही. आठवड्याभरात दोघंही शाळेत परतली. त्यामुळे बापाचा डोळा लाल झाला तेव्हा घरात कुणी दुसरा विचारच केला नाही. मेडिकलमध्ये जाऊन 'डोळे आल्याचा ड्रॉप' मागितला, मिळाला, घातला.

साथीच्या दिवसांत निदान बऱ्याचदा असं परस्परच होतं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही निघतं. दवाखान्यात येणाऱ्या लाल डोळ्यांपैकी बरेचसे विषाणूंनी आलेले असतात आणि काही केलं नाही तरी बरे होतात. घोटाळा होतो तो उरलेल्या थोड्या डोळ्यांचा. शंभर साध्या डोळ्यांच्या गर्दीत तो एक वेगळा डोळाही त्यांच्यासारखाच दिसतो.

म्हणून दोन प्रश्न विचारले. डावा डोळा आला होता का? "न्हाई, ह्योच." लाल व्हायच्या आधी डोळ्याला काही लागलं होतं का? "न्हाई." इथे बायको मध्ये बोलली, "आवं, वैरणीला गेल्ता तवा पातं लागलं म्हणत हुता की." त्यावर तो म्हणाला, "ते हुय, ते काय लागणं न्हवं."

पातं लागून नऊ दिवस झाले होते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी बारीक दातेरी असते. वैरणीसाठी हिरवा पाला काढताना वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाती सपासप येतात, गालावर ओरखडे उठतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर, उठलेला ओरखडाही बहुतेक वेळा दोन दिवसांत भरून येतो. पण शेतातल्या पानांवर, मातीत, कुजलेल्या पाचटात बुरशी असतेच. ओरखड्यातून ती बुबुळाच्या आत गेली, तर पहिले तीन-चार दिवस माणसाला फक्त खुपत राहतं.

पुढचा घटनाक्रम असा निघाला. दुसऱ्या दिवशी लाली. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधला ड्रॉप. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं, लाली उतरली, ठणका कमी झाला. सहाव्या दिवशी पुन्हा दुखायला लागलं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं म्हणून डोळ्यात मध घातला. आठव्या दिवशी रात्रभर ठणका आणि सकाळी उजव्या डोळ्यापुढे धुकं.

खिशातली बाटली काढून दाखवली. अँटिबायोटिक आणि डेक्सामिथासोन एकत्र असलेले थेंब होते ते. डेक्सामिथासोन म्हणजे स्टेरॉइड.

तपासणी

डाव्या डोळ्याची नजर ६/६, उजव्याची ६/६०. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येतं, ते याला सहा मीटरवर येऊन वाचावं लागत होतं. नुसता डोळा आलेला असता तर चिपडं पुसल्यावर, पापण्यांची उघडझाप केल्यावर नजर बरीच साफ झाली असती. इथे ती झाली नाही. कारण काहीही असो, लाल डोळ्यात नजर खाली आली असेल तर त्याला डोळे येण्याच्या खात्यात टाकायचं नाही, हा आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगायचा नियम.

लालीची जागाही बोलकी होती. डोळे येतात तेव्हा लाली पापणीच्या आतल्या बाजूला आणि डोळ्याच्या कडांना जास्त, बुबुळाजवळ कमी असते. याची लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दाटलेली, थोडी जांभळट. म्हणजे त्रास वरच्या पातळ पडद्यापुरता नाही, आत आहे. मुलांना कानापुढे छोटी गाठ लागली होती असं आई म्हणाली, तीही विषाणूच्या साथीची खूण. बापाच्या कानापुढे गाठ नव्हती.

डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, स्लिट लॅम्पखाली, बाकीचं दिसलं. बुबुळाच्या मध्याच्या जरा खाली, नाकाच्या बाजूला करड्या पांढऱ्या रंगाचा, साधारण ४ मिलिमीटरचा व्रण. पृष्ठभाग कोरडा, किंचित वर उचललेला. कडा साफ नाहीत, पिसाच्या टोकासारख्या आजूबाजूच्या पारदर्शक भागात शिरलेल्या. मुख्य व्रणापासून सुटा असा एक छोटा पांढरा ठिपका. बुबुळाच्या मागे, तळाशी पुवाचा पातळ थर, जेमतेम एक मिलिमीटर. फ्लुरोसिनचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिल्यावर व्रण हिरवा चमकला.

कापसाच्या बारीक टोकाने बुबुळाला स्पर्श केला तर डोळा लगेच मिटला. म्हणजे संवेदना शाबूत, नागिणीच्या जातीच्या विषाणूचा व्रण असण्याची शक्यता कमी. नाकाजवळची अश्रुपिशवी दाबून पाहिली, पू आला नाही. हे आवर्जून बघावं लागतं, कारण ती पिशवी तुंबून पिकलेली असेल तर वरून कितीही औषध घाला, खालून जंतूंचा पुरवठा सुरूच राहतो. रक्तातली साखर ठीक होती.

मग डोळा सुन्न करून व्रणाच्या कडा आणि तळ पात्याने खरवडून नमुना घेतला. एक काच जिवाणू दाखवणाऱ्या ग्रॅम स्टेनसाठी, एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, थोडा भाग कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी स्वस्त आहे, तिला फार यंत्रसामग्री लागत नाही आणि उत्तर रुग्ण बाकावर बसलेला असतानाच मिळतं. काचेवर आडव्या पडद्यांचे, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे दिसले. चार दिवसांनी कल्चरमध्ये फ्युसेरियम ही बुरशी उगवली.

निदान: बुबुळाचा बुरशीजन्य व्रण, वनस्पतीच्या इजेनंतरचा, स्टेरॉइडमुळे वाढलेला.

दुसरं काय असू शकलं असतं

पापणी सुजली आहे एवढ्यावरून पाहिलं तर यादी लांब आहे. पापणीच्या कडेला एकाच जागी दुखरी गाठ असती तर रांजणवाडी म्हणून गरम शेक सांगितला असता. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं, आणि ती पिळायची नाही. दोन्ही डोळ्यांना खाज हीच मुख्य तक्रार असती तर अॅलर्जी. पापणीच्या सुजेसोबत ताप, डोळा हलवताना दुखणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, विशेषतः लहान मुलात, तर डोळ्याच्या खोबणीतला संसर्ग समजून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. तिथे थेंब उपयोगाचे नाहीत, शिरेतून अँटिबायोटिक लागतं.

पन्नाशीच्या पुढची बाई, एक डोळा लाल, त्याच बाजूचं डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या होताहेत आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, अशी हकीकत आली तर काचबिंदूचा झटका. ही बाई पित्ताच्या गोळ्या घेत दोन दिवस घरी काढते, असं बऱ्याचदा घडतं. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असायचा, तो पन्नासच्या वर गेलेला असतो. आणि याच्या अगदी उलट टोकाला सकाळी आरशात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालजर्द डाग दिसून घाबरलेला माणूस. दुखत नाही, नजर साफ, पाणी नाही. त्याला फक्त रक्तदाब मोजून घरी पाठवायचं. डाग दोन आठवड्यांत आपोआप जातो. दिसायला सगळ्यांत भीतिदायक लाल डोळा तोच, आणि सगळ्यांत निरुपद्रवीही तोच. लाली किती आहे यावरून धोका मोजता येत नाही, तो असा.

या रुग्णाच्या बाबतीत एकच डोळा, इजा, उजेड सहन न होणं, ठणका आणि उतरलेली नजर या पाच गोष्टी यंत्राच्या आधीच हातात आल्या होत्या.

त्या दोन बऱ्या दिवसांविषयी

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला खरंच बरं वाटलं होतं. हे समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळत नाही, आणि मेडिकलवाल्याला दोष देऊनही काही हाती लागत नाही. लाली, सूज, ठणका ही शरीराने संसर्गाशी चालवलेल्या झुंजीची लक्षणं आहेत. स्टेरॉइड ही झुंज थांबवतं. डोळा पांढरा दिसायला लागतो, रुग्ण खूश, दुकानदाराचं नाव होतं. बुरशीला मात्र अँटिबायोटिकने काही होत नाही आणि अडवणाऱ्या पेशी आता वाटेतून बाजूला झालेल्या असतात. त्या दोन दिवसांत ती निवांतपणे खोल गेली. थेंबांचा जोर ओसरला की दुखणं परत येतं ते वाढलेल्या व्रणाचं.

हे थेंब शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळ्यात डोळे चोळणारी आठ-दहा वर्षांची मुलं, विशेषतः मुलगे, अॅलर्जीसाठी हीच बाटली महिनोन् महिने घालतात. खाज लगेच थांबते म्हणून आई नवीन बाटली आणत राहते. त्यातल्या काहींना शाळकरी वयात काचबिंदू होतो आणि तो गेलेली नजर परत देत नाही.

साथीच्या डोळ्यांना मुळात कसलाही खास ड्रॉप लागत नाही. बहुतेक वेळा अॅडिनोव्हायरस असतो, काही साथींत एन्टेरोव्हायरसच्या कुळातला कॉक्सॅकी. १९६९ मध्ये घानातून निघालेली रक्ताळ डोळ्यांची साथ चांद्रमोहिमेच्या वर्षात आली म्हणून तिकडे तिला 'अपोलो' म्हणू लागले. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात ती बंगालात पोचली तेव्हा तिचं नाव पडलं 'जय बांगला'. जुलै २०२३ मध्ये आळंदीकडच्या शाळकरी मुलांसकट महाराष्ट्रभर डोळे आले, ते अजून सगळ्यांना आठवत असेल. यातल्या कुठल्याच विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. गार पाण्याच्या घड्या, डोळा ओला ठेवणारे साधे थेंब, स्वतंत्र टॉवेल आणि उशी, हात धुणं, आणि एक-दोन आठवडे धीर. पिवळा घट्ट पू सतत येत असेल तर जिवाणू समजून अँटिबायोटिक थेंब द्यायचे, तेही स्टेरॉइडशिवायचे. काळा गॉगल उजेडापासून आराम देतो, एवढंच. डोळे आलेल्याकडे बघून कुणाचे डोळे येत नाहीत; येतात ते त्याने हात लावलेल्या नळाला, कडीला, टॉवेलला हात लावून तोच हात डोळ्याला नेल्याने.

उपचार आणि वाटचाल

आधीची बाटली त्याच क्षणी बंद. नाटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे ५ टक्के थेंब सुरू केले, पहिले दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा. मग जागेपणी दर तासाला. हे औषध खाली बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. दुधाळ असल्याने डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरे कण साचतात. त्याला पू समजून औषध बंद करणारे रुग्ण असतात, तेव्हा हे आधीच सांगितलं. बाहुली रुंद ठेवायला आणि ठणका कमी करायला अॅट्रोपिन, पोटातून साधी वेदनाशामक गोळी. डोळ्यावर पट्टी नाही. झाकलेला, उबदार, ओला डोळा जंतूंना फावतो.

बुरशीचं नेमकं नाव यायच्या आधी नाटामायसिन का, तर त्यामागे ठोस आधार आहे. व्होरिकोनॅझोल हे नवं औषध अधिक चांगलं ठरेल अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला: जुनं नाटामायसिनच सरस, आणि फ्युसेरियमच्या बाबतीत तर ठळकपणे. त्याच भागातल्या मदुराई जिल्ह्यात १९९३ सालच्या नोंदींवरून बुबुळाच्या व्रणाचं प्रमाण दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ निघालं होतं. शेतात राबणाऱ्या उष्ण प्रदेशाचा हा आजार आहे, आणि त्यावरचं चांगलं संशोधनही तिथूनच आलं.

पाचव्या दिवशी तो रागातच आला. "पोरांचा डोळा चार दिसात बरा झाला, आन् मी रात रात जागून थेंब घालतोय तर फरक काय न्हाई." फरक होता, पण त्याला दिसणारा नव्हता. पिसासारख्या कडा बोथट होऊ लागल्या होत्या, पुवाचा थर वाढला नव्हता. बुरशीचा व्रण हळू चालतो, आत जायलाही आणि बाहेर पडायलाही. पहिल्या आठवड्यात तो वाढला नाही एवढीच बातमी चांगली धरायची. मोबाइलमध्ये काढलेले दोन दिवसांचे फोटो शेजारी ठेवून बायकोला दाखवले. थेंबांची जबाबदारी तिच्याकडेच होती, तिने घड्याळाचे गजर लावून ठेवले होते. आजार कळलेली एक व्यक्ती घरात असणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं असतं असं माझं मत आहे.

नाटामायसिन बुबुळात फार खोल झिरपत नाही. म्हणून काही दिवसांच्या अंतराने व्रणाचा वरचा थर खरवडून काढावा लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पू गेला, सुटा ठिपका विरला. तिसऱ्या आठवड्यापासून व्रण कडेकडून भरू लागला. सातव्या आठवड्यात रंग घातल्यावर हिरवं काही चमकलं नाही. तरी थेंब कमी करत आणखी तीन आठवडे चालू ठेवले, कारण वरचा पापुद्रा भरला तरी आत धागे उरलेले असू शकतात.

व्रण वाढतच गेला असता, बुबुळ पातळ होऊन फुटायला आलं असतं, तर तातडीने बुबुळ बदलावं लागलं असतं. तशी वेळ आली नाही. त्याचं श्रेय नवव्या दिवशी येण्याला आहे. तीन आठवड्यांनी आलेल्यांमध्ये ती वेळ बऱ्याचदा येते.

पातं लागल्यावर पहिल्याच दिवशी

हे सगळं टाळण्याची जागा अगदी सुरुवातीला होती, आणि तिच्यावरही अभ्यास झालेला आहे. नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम दिलं. दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के काही गुंतागुंत न होता बरे झाले, आणि ज्यांचा उपचार इजेपासून १८ तासांच्या आत सुरू झाला त्यांच्यात एकालाही व्रण झाला नाही. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मलम अँटिबायोटिकचं, स्टेरॉइडचा अंश नाही.

आपल्याकडे उसाला, ज्वारीला, सोयाबीनला हात लावणाऱ्या माणसाने एवढं केलं तरी पुरे: डोळ्याला काही लागलं तर स्वच्छ पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, मध, दूध, तुरटी, कुणाची जीभ किंवा पदराचं टोक आत घालायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी खुपत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं. तिथे पोचल्यावर 'डोळा आलाय' म्हणण्याआधी 'पातं लागलं होतं' हे सांगायचं. पाला काढताना साधा पारदर्शक गॉगल वापरता आला तर उत्तम. घामाने तो धुकटतो आणि लोक काढून ठेवतात, हेही खरं.

आजची स्थिती

डोळा शांत आहे, दुखत नाही. बुबुळावर फूल पडलं आहे, बाहुलीच्या खालच्या कडेला टेकणारं. उजवी नजर ६/३६, बारीक छिद्रातून बघितल्यावर ६/२४. अंधुक दिसण्याचा काही भाग बुबुळाच्या वेड्यावाकड्या झालेल्या पृष्ठभागामुळे आहे. कडक कॉन्टॅक्ट लेन्सने तो थोडा सुधारू शकेल, पण धुळीत आणि शेणामुतात काम करणाऱ्याला ती सांभाळणं जमणार नाही, असं आमचं आणि त्याचंही मत पडलं.

त्याने बुबुळ बदलण्याविषयी विचारलं; नेत्रदानातून मिळतं ना, मग बसवा की. सध्या नको असं सांगितलं. दुसरा डोळा ६/६ आहे. बसवलेलं बुबुळ शरीराने नाकारू नये म्हणून दीर्घकाळ, कधी वर्षानुवर्षं, स्टेरॉइडचेच थेंब घालावे लागतात. ते डोळ्याचा दाब मोजत, नेमून दिलेल्या वेळी यायला तयार असलेल्या माणसाला द्यायचे. गळीत हंगामात हा माणूस चार महिने दवाखान्याकडे फिरकणार नाही. फूल जुनं झाल्यावर थोडं विरळही होतं. तेव्हा गुढीपाडव्यानंतर पुन्हा नजर मोजायची, डाव्या डोळ्याला काही लागलं तर त्याच दिवशी यायचं, आणि घरात उरलेली ती बाटली फेकून द्यायची, एवढं केसपेपरवर लिहून दिलं. बाटली बायकोने आधीच फेकली होती.